कुलूप, किल्ली आणि पासवर्ड

आधीच सांगून ठेवते, नणंदेचं कौतुक करायची मला सवय नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझं नि वन्संचं निदान वीसेक वेळा तरी वाजलंय, आणि दर वेळी चूक त्यांचीच होती असं मी कुठेही सांगेन. पण गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर माझा आवाज जरा खाली आलाय. तेव्हा ऐका.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. बाजाराच्या कोपऱ्यावर, चपला शिवणारा आणि औषधाचं दुकान यांच्या मधोमध त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, फडताळच ते. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. तिन्ही भिंतींवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, टेबलावर कानशी, किल्ली कापायचं यंत्र, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुगा. त्यांच्या पदराला, केसांना, जेवायच्या डब्यालासुद्धा तो भुगा असतो. मी पडदे शिवते. माझ्याकडे कापड असतं, म्हणून त्या आल्या की मी आधी त्यांना दारात उभं करून झाडते.

दुकान मूळ सासऱ्यांचं. ते खरं तर ह्यांच्याकडे यायचं. पण आमच्या ह्यांच्या हातात कानस दिली, तर किल्ली राहील बाजूला आणि बोट घासून बसतील. सासऱ्यांनी दोन महिने वाट पाहिली, कपाळावर हात मारला आणि लेकीला बसवलं. तेव्हा वन्सं एकोणीस वर्षांच्या. लोक यायचे नि विचारायचे, "मालक कुठायत?" वन्सं म्हणायच्या, "समोर बसलेत, बोला." काहीजण निघून जायचे. त्यातले निम्मे तासाभराने परत यायचे, कारण घर बंद आणि गावात दुसरं किल्लीचं दुकान नाही. वन्सं त्यांना काहीही टोमणा न मारता किल्ली करून द्यायच्या. मी असते तर सोडलं नसतं.

त्यांचा एक नियम होता आणि आहे. मालक दाराशी उभा असल्याशिवाय त्या कुणाचं कुलूप उघडत नाहीत. एकदा एक सुटाबुटातला माणूस त्यांना घेऊन गेला. "माझंच घर आहे हो, किल्ली आत राहिली." वन्संनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. शेजारीण बाहेर आली, त्या माणसाकडे बघून म्हणाली, "अरे, तू परत आलास?" घर त्याच्या बायकोचं होतं आणि बायकोने त्याला दोन महिन्यांपूर्वी घालवून दिलं होतं. वन्सं पिशवी उचलून परत आल्या. त्यांना जराही नवल वाटलं नव्हतं.

आता पासवर्डचं कसं आलं ते सांगते. आठेक वर्षांपूर्वी एक फोटो काढणारी मुलगी दुकानात आली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्ही बंद झालेलं उघडता ना?" वन्सं म्हणाल्या, "हो." काय बंद झालंय ते विचारायच्या आधीच हो म्हणून मोकळ्या! असा त्यांचा आत्मविश्वास. तर त्या मुलीचं मेलचं खातं बंद झालं होतं. वन्संना तोवर मेल म्हणजे काय ते ऐकूनच माहीत. पण शब्द दिलेला. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्या तिच्याबरोबर बसल्या, मदतीच्या पानावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि संध्याकाळच्या आत खातं उघडलं. त्यानंतर दोन महिने नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून त्यांनी तो विषय असा पिंजून काढला, की विचारू नका. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कुलूप ते कुलूप, लोखंडाचं असो नाहीतर अक्षरांचं.

मग पाटी नवीन रंगवली. कुलूप, किल्ली, पासवर्ड. रंगाऱ्याने विचारलं, "पुढे काय लिहू? उघडून मिळेल?" वन्सं म्हणाल्या, "नको. सांभाळायला शिकवू, असं लिही." पाटीवर तेवढी जागा नव्हती, म्हणून ते राहिलं.

शिकवायच्या मात्र खरोखर. मोटार शिकवणारे एक गृहस्थ यायचे, त्यांचा सगळीकडे एकच पासवर्ड, तोही स्वतःची जन्मतारीख. वन्संनी त्यांच्यापुढे एक किल्ली धरली. "ही घराला, दुकानाला, कपाटाला आणि गाडीला, सगळ्यांना लागते असं समजा. रस्त्यात पडली तर काय काय जाईल?" त्यांनी तिथेच बसून सगळे पासवर्ड बदलले. दातांच्या डॉक्टरीणबाईंना मेल आला होता, चोवीस तासांत तुमचं खातं बंद होणार, इथे पासवर्ड लिहा. त्या घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या. वन्सं म्हणाल्या, "बाई, तुमचा घरमालक कधी भर रस्त्यात गाठून तुमच्याकडे किल्ली मागतो का? हा चोर आहे. टाका कचऱ्यात." प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या. पासवर्ड लांब ठेवा, चार असंबद्ध शब्द जोडून. फोनवर येणारा आकडा सख्ख्या भावालाही सांगू नका. फोन नंबर बदलला तर खात्यातही बदला. आणि गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं, की त्या खुर्ची फिरवून पाठ करून बसायच्या. "झालं की सांगा," म्हणायच्या.

त्यांचा सगळ्यात कडक शिष्य म्हणजे माझे बाबा.

बाबा पाण्याचे मीटर वाचायचे. चाळीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. आई गेल्यावर ते एकटे राहायचे, आमच्यापासून तीन तासांवर. फोनवर बोलायचा त्यांना कंटाळा. एकदा आमच्याकडे महिनाभर राहिले, तेव्हा वन्संच्या दुकानात जाऊन बसायला लागले आणि एकाहत्तराव्या वर्षी मेल करायला शिकले. डावखुरे होते, डाव्या हाताच्या एका बोटाने टकटक करायचे. वन्संनी शिकवलं, काम झालं की कुलूप घालायचं, म्हणजे खात्यातून बाहेर पडायचं. बाबा रोज बाहेर पडायचे. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही. बाबांनी लिहिला नाही. पासवर्ड लेकीलासुद्धा सांगायचा नाही. तेही त्यांनी पाळलं, आणि वर मला अभिमानाने कळवलं.

रोज सकाळी त्यांचा एक मेल यायचा. जवळजवळ सहा वर्षं, एकही दिवस चुकला नाही. आणि मग गेल्या वर्षी एका सकाळी आला नाही.

झटका आला होता. जीव वाचला, उजवा हात नि पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. आम्ही बाबांना आमच्याकडे आणलं. मागची खोली त्यांना दिली. त्यांना कळायचं बहुतेक सगळं. हसायचे, रागवायचे, मान हलवायचे. पण शब्द म्हणून निघायचा नाही. तोंड उघडायचे, हवा यायची, मग डोळे भरायचे आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी उगाच मोठमोठ्याने बडबड करत खोली आवरायची.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या. सात महिने झाल्यावर एका गुरुवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पुस्तकातली वाक्यं त्यांना परकी वाटतायत. ती ते धरतच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या सवयीची वाक्यं हवीत, त्यांनी पुन्हा पुन्हा वापरलेली. पत्रं वगैरे आहेत का? पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं. त्यातले सात महिने गेले."

मी म्हटलं, "आहेत की! सहा वर्षांचे मेल आहेत!" आनंदाने मला काय करू नि काय नको झालं. तिथेच दवाखान्याच्या पडवीत उभं राहून मी घरी फोन लावला. माझं मेलचं खातं घरच्या कॉम्प्युटरवर उघडंच असायचं. आमचे हे त्या दिवशी घरी होते. पडवीत ही गर्दी, मागे स्ट्रेचरची खडखड. मी ओरडून सांगितलं, "अहो, बाबांचे सगळे मेल काढा! सगळे! एकही राहू देऊ नका!"

"बरं," हे म्हणाले.

आमचे हे एका गोदामात माल सांभाळतात. गोदामात काढ म्हणजे काय? जुना माल काढ, जागा मोकळी कर. माझ्याकडे काढ म्हणजे काय? कापड काढ, माप काढ, प्रिंट काढ. सव्वीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं दोन वेगळ्या भाषा बोलत होतो, हे मला त्या दुपारी घरी गेल्यावर समजलं. त्यात माझं खातं भरत आलंय अशी सूचना महिनाभर रोज झळकत होती, आणि मी रोज त्यावरून कटकट करत होते.

दारातच हे उभे. चेहऱ्यावर हा असा आनंद. "काढले सगळे! दोन हजारांच्या वर होते. मग बघितलं तर सगळे कचरापेटीत जाऊन बसलेले, म्हणून तीही रिकामी करून टाकली. आता खातं कसं लख्ख आहे."

"आणि प्रिंट?"

"कसल्या प्रिंट?"

मी काय काय बोलले ते सांगत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, काही पडलं का बघायला. हे खुर्चीत बसले ते तसेच बसून राहिले. बाबांवर ह्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव. रोज अंघोळ हेच घालतात. काय केलंय ते कळल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला, आणि मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती, पण नाही आली.

वन्संना फोन कुणी केला ते माहीत नाही. बहुतेक ह्यांनीच. अर्ध्या तासात त्या हजर, भुग्यासकट. मी झाडलंसुद्धा नाही. त्यांनी कुणालाही बोल लावला नाही. आल्या आल्या विचारलं, "कधी काढले? कचरापेटी कधी रिकामी केली? त्यानंतर खात्यात कोणी हात घातला का?"

मग त्या बसल्या. मला दाखवत गेल्या, कारण त्या कुणासाठीही काही करत असल्या तरी शिकवतातच. "हे बघ, नुसतं काढलं असतं तर महिनाभर कचरापेटीत राहतं. तिथून परत आणता येतं. ते आता नाही. बाजूला ठेवलेल्यांत बघू. नको असलेल्या मेलच्या पेटीत बघू. तुझा फोन दे, त्यात जुने उरलेत का बघू." कुठेच नव्हते. फोननेही इमानेइतबारे सगळे पुसले होते. शेवटी त्यांनी कंपनीच्या मदतीच्या पानावरून अर्ज भरला, की चुकून गेलेले मेल परत द्या. "कधी कधी देतात. पण लगेच मागावं लागतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, काही मिळू शकलं नाही.

मी डोकं धरून बसले. वन्सं चहा पीत होत्या. म्हणाल्या, "लवंगी, एक सांग." मला त्या लवंगी म्हणतात, मिरचीवरून. "तू एखाद्याला मेल पाठवलास, तर तो कुठे कुठे असतो?"

"त्याच्याकडे."

"आणि?"

मला उठून नाचावंसं वाटलं. अहो, पाठवलेला मेल पाठवणाऱ्याकडेही असतोच की! बाबांच्या स्वतःच्या खात्यात, पाठवलेल्यांच्या पेटीत, सगळे दोन हजार तसेच्या तसे असणार!

"उद्या दुकान लवकर बंद करून येते, मग बघू," वन्सं म्हणाल्या आणि गेल्या.

आता माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. उद्यापर्यंत थांबते कोण? बाबांचा कॉम्प्युटर त्यांच्या सामानाबरोबर आला होता, तो मी माळ्यावरून काढला, लावला. पासवर्ड मागितला. मी त्यांची जन्मतारीख घातली. नाही. आईचं नाव घातलं. नाही. माझं नाव, घराचा नंबर, आईचं नाव नि जन्मतारीख, सगळं घालून बघितलं. शेवटी खात्याने मलाच दार लावलं. खूप वेळा चुकलात, नंतर प्रयत्न करा. मग म्हटलं, त्यांच्या फोनवर आकडा मागवू. आणि आठवलं, तो नंबर मीच चार महिन्यांपूर्वी बंद करून टाकला होता. आता फोनवर बोलणार कोण, असं वाटून.

वन्सं आल्या आणि त्यांना ते दिसलं. त्या चिडत नाहीत सहसा. त्या दिवशी चिडल्या.

"कुलपात भलत्याच किल्ल्या खुपसून ठेवल्यास? बंद पडलं असतं म्हणजे? आणि कुणाला विचारून?"

"माझ्या बापाचं खातं आहे!"

"बापाचं आहे. तुझं नाही."

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे सगळं तुमच्यामुळे! लिहू नका, सांगू नका, रोज कुलूप घाला! दुसऱ्या कुणाच्या बापाचा पासवर्ड घरात एका चिठ्ठीवर तरी असतो. तुम्ही त्यांना असं शिकवलंत की आता त्यांचे शब्द आत आणि ते बाहेर! शिकवणारी मोठी!"

वन्संनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्यांनी कुलूप नीट घातलं म्हणून आत सगळं शाबूत आहे. तू उघडं ठेवलंस, तुझं बघ काय झालं. दुसरी किल्ली कुठे ठेवायची ते मात्र मी त्यांना शिकवायला हवं होतं. ती चूक माझी." आणि पिशवी उचलून निघाल्या. दारातून वळून एवढंच म्हणाल्या, "उद्या खातं पुन्हा पासवर्ड विचारायला लागेल. तोवर कीबोर्डला हात लावशील तर याद राख. मी येते आणि त्यांनाच विचारते."

"त्यांना? वन्सं, त्यांना बोलता येत नाही!"

"मला ठाऊक आहे," म्हणाल्या.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही, वन्संशी बोलायचा प्रश्नच नव्हता. एकूण घरात बोलू शकणारी दोन माणसं होती आणि कुणीच बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी वन्सं आल्या. हात स्वच्छ धुऊन, साडी बदलून. बाबांचा स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी मागच्या खोलीत नेला. "खात्याला हे यंत्र ओळखीचं आहे, उगाच संशय घेणार नाही," म्हणाल्या. बाबांना टेकून बसवलं, चष्मा पुसून लावला, समोर टेबल ओढलं. दवाखान्यातून दिलेल्या दोन पाट्या ठेवल्या, एकीवर हो, एकीवर नाही. आणि खुर्ची घेऊन समोर बसल्या, जशा दुकानात गिऱ्हाइकासमोर बसतात तशाच.

"मीटरवाले," त्या म्हणाल्या. दुकानात त्या बाबांना तेच म्हणायच्या. "हे खातं तुमचंच ना?"

बाबांनी डावा हात उचलून हो वर ठेवला.

"मुलीकडचे तुमचे सगळे मेल गेले. चुकून गेले. तुमच्याकडे आहेत. उघडून तिला वाचायला द्यायचे का? नसेल द्यायचे तर नाही म्हणा. मी हा कॉम्प्युटर उचलून ठेवते, कुणी काही विचारणार नाही."

नाही म्हणाले तर? वन्सं खरंच उचलून ठेवतील, मला माहीत होतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हात हो वर आला. जरा जोरातच आपटला.

वन्संनी कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला. उठल्या, पाठ फिरवली. मला दंडाला धरून माझीही फिरवली. दारात उभ्या असलेल्या ह्यांना म्हणाल्या, "तू पण."

"वन्सं, अहो, त्यांना जमणार नाही, कुणीतरी बघायला..."

"पासवर्ड टाकतायत ना ते? मग? आजारी आहेत म्हणून सगळ्यांपुढे टाकायचा?"

आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे. सात महिन्यांत बाबांकडे पाठ करून उभं राहायची ही पहिलीच वेळ. आम्ही त्यांना अंघोळ घालतो, भरवतो, कूस बदलतो, दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्याकडे बघतच असतं. मला एकदम त्यांची इतकी लाज वाटली, म्हणजे माझीच लाज वाटली. मागे काहीच आवाज नव्हता. मग टक. बऱ्याच वेळाने टक. मग थांबलं. मी वळणार होते, वन्संनी माझा दंड सोडला नव्हता.

टक. टक. टक टक. हळूहळू वेग आला. तो आवाज मला ओळखीचा होता, आमच्याकडे राहिले होते तेव्हा रोज सकाळी यायचा तो. मॅडमनी मला नंतर समजावलं, की जीभ विसरते ते कधी कधी हाताला पाठ असतं. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी नुसती मोजत होते, आणि पंचवीसवर मोजायचं विसरले.

एक मोठी टक झाली, आणि बाबांनी टेबलावर थाप मारली.

वन्सं म्हणाल्या, "चुकलं की उघडलं?" आणि वळल्या. "उघडलं!" अशा ओरडल्या, की खालच्या बाई पुन्हा वर आल्या.

मी तर पडद्यावर झडपच घातली असती, पण वन्संनी हात आडवा केला. "आधी दुसरी किल्ली." बाबांना विचारून, प्रत्येक वेळी हो वर हात ठेवून घेऊन, त्यांनी खात्यात माझा फोन नंबर घातला. अडीअडचणीला खातं उघडायचे आकडे छापून एका पाकिटात घातले. पाकीट बाबांच्या कपाटात, त्यांच्या हाताला येईल अशा खणात ठेवलं. सगळ्या मेलची एक प्रत वेगळी उतरवून घेतली. मग ह्यांना हाक मारली. "ये रे. आता काढ. आणि माझ्याकडे बघून सांग, काढ म्हणजे काय?"

"प्रिंट," हे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं नि ते हसत होते. मीही मग सोडून दिलं सगळं.

मी पाठवलेल्यांची पेटी उघडली. दोन हजार एकशे चौदा. मीटर वाचणाऱ्या माणसाने लिहिलेले, चार ओळींच्या वर एकही नाही. "सकाळी सहा दहा. धुकं. गुडघा बरा. समोरच्या बाईंनी कुंड्यांबरोबर माझ्या पेपरलाही पाणी घातलं. उत्तर दे." पुढचा. "सहा पाच. कोरडं. पासवर्ड बदलला. तुला सांगणार नाही. उत्तर दे." पुढचा, त्याच्या पुढचा. प्रत्येकाच्या शेवटी तेच. रोज येत होता म्हणून मला ते दिसेनासं झालं होतं. मग मी त्यांच्याकडे आलेल्यांच्या पेटीत गेले, माझी उत्तरं बघायला. सहा वर्षांत एकेचाळीस. त्यातली बरीचशी, "कामात आहे बाबा, नंतर लिहिते."

मी बाबांकडे बघू शकले नाही. वन्संनी आकडा वाचला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांनी तेव्हा मला दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी आम्ही कागदांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेलो. वन्संही दुकान बंद करून आल्या. मॅडमनी पद्धत सांगितली. मी वाक्य वाचायचं, शेवटच्या शब्दाआधी थांबायचं आणि वाट बघायची. कितीही वेळ लागला तरी तो शब्द आपण बोलायचा नाही.

मी पहिला कागद घेतला. "सहा दहा. धुकं. गुडघा..." थांबले. बाबांनी तोंड उघडलं. हवा आली. बस्स. मी पुढे गेले. कुंड्या, पेपर, पाणी. काही नाही. माझा धीर सुटायला लागला होता. शेवटची ओळ आली. मी वाचलं, "उत्तर..." आणि थांबले.

बाबांची जीभ दातांमागे जाऊन टेकली. मान ताठ झाली. कपाळावरची शीर दिसायला लागली.

"दे," बाबा म्हणाले.

साफ. मोठ्याने. मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

"देते, बाबा," मी म्हणाले, आणि त्यापुढे माझा आवाजच फुटेना. मी, जिची बडबड दोन मजले ऐकू जाते, ती मी. वन्संनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि पुढचा मेल वाचायला घेतला. "सहा पाच. कोरडं. पासवर्ड बदलला. तुला सांगणार नाही. उत्तर..."

बाबांनी वन्संकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "दे."